गावपळणीची बॅटरी

‘होतला गो आये, मी आसंय मा!’ एवढं बोलून माझा नवरा मोकळा होतो. निस्तरायला मी आहेच. जितेंद्र त्याचं नाव. मालवण बंदरात ट्रॉलरचं वायरिंग करतो. हात सोन्याचा, पण कुणाला नाही म्हणायचं म्हटलं की याची जीभ टाळूला चिकटते. दोन वर्षं झाली, संध्याकाळचा चहा संपला की हा घरापुढच्या खळ्यात. पर्यटकांना समुद्राकाठी राहायला म्हणून टेम्पोमागे ओढायचा एक डबा त्याने बांधायला घेतला होता. आत दोन बाकडी, एक पंखा, बाकड्यांखाली बॅटऱ्या, आणि बाहेर काढून उन्हात मांडायची सोलर पॅनेलं. त्या डब्यात पर्यटक अजून एकही बसला नाही. पहिली बसली ती माझी सासू, विमला.

त्याला कारण गावपळण. आमच्या गावात काही वर्षांनी देवाचा कौल होतो आणि अख्खा गाव घरं बंद करून वेशीबाहेर पडतो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्रीसुद्धा. तीन रात्री रानात काढायच्या, मग पुन्हा कौल घ्यायचा, आणि देव हो म्हणाला तरच परत फिरायचं. तोवर वेशीच्या आत कुणी पाऊल टाकायचं नाही. एरवी मला याची केवढी हौस! पण यंदा कौल झाला आणि मी आधी आयेकडे, म्हणजे सासूकडे, बघितलं. आयेची फुप्फुसं चुलीच्या धुराने कामातून गेलीत. नाकात सदा नळी, आणि नळीच्या टोकाला ऑक्सिजनचं मशीन, विजेवर चालणारं. रानात वीज कुठली?

नणंद भक्ती कुडाळला राहते. तिने फोनवर सांगितलं, ‘आयेक माझ्याकडे धाड.’ शहाणपणाचं तेच होतं. पण आये ऐकेल तर ना!

‘सगळो गाव भायर पडतलो आणि मी फ्लॅटात पंख्याखाली बसू? लगीन होऊन इलंय तेवापासून एकय गावपळण चुकवूक नाय मी. ही माजी शेवटची.’

आणि हा बाबा काय म्हणाला असेल? ‘होतला आये. मी आसंय मा!’

मी म्हटलं, निदान जनरेटर तरी आणा. तर म्हणे, त्याच्या धुराने ती आणखी घुसमटेल. तेही खरंच. मग त्याने डब्यातला पंखा काढला, बॅटऱ्या वाढवल्या, पॅनेलं चार केली. आठवडाभर खळ्यात मशीन त्याच्यावर चालवून बघितलं. दिवसभर ऊन खाऊन बॅटऱ्या फुल्ल, रात्रभर मशीन सुरू. निघताना गावकारांनी, म्हणजे गावच्या मुख्य मानकऱ्यांनी, नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, ‘ह्या तुज्या लेकरान जी काय ब्याटरी केल्यान आसा, ती पुरवन घे रे म्हाराजा!’ आणि सगळे ओरडले, ‘व्हय म्हाराजा!’ आये नळीसकट हसली. मला मात्र धड हसू येईना.

वेशीबाहेर, खाडीच्या काठाला, प्रत्येक घराची जागा ठरलेली असते. आजे-पणज्यांपासूनची. आमची जागा एका जुन्या आंब्याखाली. रानात राहायचं तर आधी सावली बघायची, हे आमच्या हाडात मुरलेलं. जितेंद्रने डबा सवयीने नेऊन तिथेच उभा केला. चाकांना दगड लावले, गुरं बांधली, शेजारी राहुट्या उठल्या. मग याने ऐटीत पॅनेलं काढली, वर बघितलं, आणि तोंड उघडं ते उघडंच.

‘झाडाखाली सावली आसता, ह्या तुमका आज कळला?’ मी म्हटलं.

पुढेमागे सगळी काजूची आणि आंब्याची दाट राई. मोकळं ऊन होतं ते खाडीवर, आणि खाडीपलीकडे आमच्याच मळ्यात. पण तो मळा वेशीच्या आत.

पहिला दिवस याने उन्हाच्या कवडशांमागे पळण्यात घालवला. कवडसा सरकला की पॅनेल उचल, चार पावलं ने, परत मांड. घामाने निथळत होता. बॅटरीचं मीटर बघायचा, बोटांवर काहीतरी मोजायचा, परत पळायचा. दुपारनंतर माझ्याशी बोलणंच बंद. मला समजलं, हिशोब बसत नाही. पण सकाळी उठून बघतो तर काय, बॅटरीत अजून जीव होता!

‘बघ! म्हटलंय मा, पुरतली!’ लहान पोरासारखा नाचायचाच बाकी होता.

माझ्या मनात पाल चुकचुकली. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पण त्याचा आनंद मला मोडवेना.

दुपारी तो पॅनेलं घेऊन राईत पार आत गेला होता. मी पाण्याची घागर ठेवून डब्यात डोकावले. आये भिंतीला टेकून बसलेली. नाकात नळी नीट होती. पण मशीनचा आवाज नव्हता. आयेचा हात मशीनच्या बटणावर, आणि ओठ पिकल्या जांभळासारखे.

‘आये! ह्या काय?’

‘हळू बोल गो,’ तिला एकेक शब्द ओढून काढावा लागत होता. ‘तो लांब गेलो... की मी वायंच वेळ बंद करतंय. रात्रीय केलंय. माका जमता. तेका सांगू नुको.’

‘कित्याक पण?’

‘तो ता मीटर बघता... तेचा तोंड बघवत नाय माका. माजो झील हरलो असा नको होवक.’

सांगू नको म्हणे! मी बटण चालू केलं, बाहेर आले आणि अख्खी राई ऐकेल असं ओरडले, ‘शिरा पडो त्या तुमच्या मीटरार! तुमची आवस मरता हय, आवस! मशीन बंद करून बसली ती, तुमची बॅटरी पुराक होयी म्हणान!’

तो धावत आला. आयेचे ओठ बघितले आणि डब्याच्या दारातच बसला. गाव गोळा झाला. अडीअडचणीला आणलेला ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर होता, तो मीच लावला. तिच्या तोंडावर हळूहळू रंग आला. जितेंद्र म्हणाला, ‘चल आये, कुडाळाक.’ तिने मान हलवली, नाही. तो तसाच बसला, हातात एक पॅनेल धरून. मला त्याचा इतका संताप आला, आणि इतकी कीवही आली, की काय बोलते ते मलाच कळेना.

‘बसलात काय? ऊन खंय आसा? थंय पाण्यार! जावा, आणि टाका ती तुमची पॅनेलां खाडीत!’

मग लवू, आमच्याच गावचा मासेमारी करणारा, हळूच म्हणाला, ‘टाकाक कित्याक होयी? माजी होडी आसा.’

गावकारांनी खाडीकडे बघितलं. ‘पाण्याक वेस नाय,’ ते म्हणाले, ‘पल्याडच्या मातयेक पाय लागता नये, बस.’

मग सगळे कामाला लागले. पॅनेलं होडीत आडवी बांधली. होडी भर उन्हात, खाडीच्या मध्यात नांगरली. ट्रॉलरची केबल जितेंद्रकडे होतीच, ती बांबूंवरून डब्यापर्यंत ओढली. दिवस कलेपर्यंत बॅटरी चढली. दुसऱ्या दिवशीही होडी तिथेच होती. जितेंद्र मात्र मीटर बघायला गेला नाही. डब्याच्या दारात आयेच्या ओठांकडे बघत बसला, जेवतानासुद्धा. ती चिडली, ‘माका काय तू दिष्ट लावतंस?’

चौथ्या दिवशी कौल झाला. ढोल वाजला आणि माणसं घराकडे धावत सुटली. आम्ही आयेला घरी आणलं, मशीन भिंतीतल्या विजेला लावलं, आणि मला वाटलं, सुटलो एकदाचे. मी चूल पेटवायला गेले नाही, गॅसवरच चहा ठेवला. कप घेऊन आले तर जितेंद्र मशीनपुढे उकिडवा बसलेला. हातात वायरिंगची काळी टेप. चालू असलेल्या बटणावर तो ती टेप गुंडाळत होता. एक वेढा, दुसरा, तिसरा. थांबेचना.

आये खाटेवरून बघत होती. हसायला गेली, पण जमलं नाही.

‘माज्या हातात आता कायच ठेवलंस नाय रे तू, झिला.’

त्याने टेप दाताने तोडली. ‘नाय ठेवलंय,’ म्हणाला, आणि पॅनेलं पुसायची राहिलीत म्हणून खळ्यात निघून गेला. चहा निवून गेला तरी आत आला नाही.