उजव्या बाजूचं स्टेअरिंग

फोन आक्काच्या शेजारच्या मंगलावहिनींचा होता. मी गावी, कळसाडीला, शेतात होतो, कापसात. "भाऊ, आक्का दार उघाडी नही ऱ्हायनी. तुम्ही या," एवढंच त्या म्हणाल्या. आवाज अगदी हळू होता, आणि त्या हळू आवाजावरूनच मला काय ते कळलं. मी नंदुरबारला पोहोचलो तोवर कुणीतरी कडी काढली होती. आक्का खिडकीजवळच्या खाटेवर कुशीवर झोपल्यासारखी होती, चष्मा मिटून उशाशी ठेवलेला. झोपेतच गेल्या, डॉक्टर म्हणाले. दिवसकार्य झालं, पाहुणे आले नि गेले. जवळजवळ प्रत्येकानं तिच्या खोलीतल्या काचेच्या पेटीतल्या छोट्या मोटारीकडे बघून एकच प्रश्न विचारला, "ही मोटार कोणी बनवली?" आक्कानं, असं सांगितल्यावर लोक पुन्हा एकदा वाकून बघायचे. त्या मोटारीची गोष्ट मात्र मी कुणालाच सांगितली नाही. दाराशी उभ्यानं सांगण्यासारखी ती नाही.

आक्का म्हणजे सुशीला, माझी थोरली बहीण, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. मुलींच्या शाळेत विज्ञानाच्या प्रयोगशाळेत तिनं तीस-बत्तीस वर्षं काम केलं. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे आम्ही विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. हात मात्र असा स्थिर की परीक्षानळीत थेंब मोजून सोडावा तर तिनंच. निवृत्तीनंतर ते हात रिकामे राहिले आणि ती चिडचिड करू लागली. तेव्हा माझ्या मुलीनं, प्राजक्तानं, पुण्याहून आत्यासाठी एक खोका आणला. आत प्लॅस्टिकच्या चौकटींना चिकटलेले विमानाचे शे-दीडशे तुकडे. ते कापायचे, घासायचे, जोडायचे, रंगवायचे. आक्कानं खोका उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाली, "हाई लहान पोरेस्नं काम शे." आठवडाभरात विमान तयार होतं. त्यानंतर एक ट्रॅक्टर झाला, एक रेल्वे इंजिन झालं. शाळेतून निरोपाला मिळालेला चिमटा, भिंग आणि इंजेक्शनची सुई एवढीच तिची हत्यारं. गोंद ती सुईच्या टोकावर घ्यायची, तोही श्वास रोखून.

दोन वर्षांपूर्वी तिनं स्वतःहून प्राजक्ताला फोन केला. "इम्पाला मिळेल का?" असं विचारलं. ही जुनी, लांबलचक अमेरिकन गाडी आमच्या घरात सगळ्यांना नावानं ठाऊक होती, कारण आमचे वडील, आप्पा, ती चालवायचे. नंदुरबारच्या एका मिरचीच्या व्यापाऱ्यानं ती सुरतेहून जुनी विकत आणली होती आणि आप्पा त्या शेठचे ड्रायव्हर होते. मागे दोन्ही बाजूंना पसरलेले पंख, समोर जाळीचे चकचकीत दात... गाडी मिरचीच्या पथारींजवळून गेली की वाळत घालणाऱ्या बायका हातातलं काम थांबवायच्या. मी नऊ-दहा वर्षांचा असताना आप्पांनी ती नोकरी सोडली आणि आम्ही सगळे कळसाडीला काकांच्या शेजारी राहायला आलो. "आते शेती करू," असं त्यांनी आईला सांगितलं होतं. मला एवढंच माहीत होतं.

खोका आला त्या रविवारी मी तिच्याकडे गेलो होतो. सगळे तुकडे साबणाच्या पाण्यात धुऊन तिनं सुती फडक्यावर मांडले होते. डॅशबोर्डचा तुकडा हातात घेऊन ती बराच वेळ बसली होती. "भाऊ, आप्पा ह्या बाजूले बठे का रे?" तिनं विचारलं. खोक्यातली गाडी अमेरिकेतली, तिचं स्टेअरिंग डावीकडे होतं. शेठची गाडी आपल्याकडच्यासारखी, उजवीकडे स्टेअरिंग असलेली. मी म्हटलं, "राहू दे, कोणाला कळतंय?" पुढचे तीन आठवडे तिनं फक्त डॅशबोर्ड केला. मूळ तुकडा मधोमध कापला, बाजू उलटवल्या, फट भरली, मीटरच्या तबकड्या ताकाच्या पिशवीच्या प्लॅस्टिकमधून कापून पुन्हा बसवल्या. दोनदा बिघडलं, दोनदा काढून टाकलं. तिसऱ्यांदा स्टेअरिंग उजवीकडे बसलं तेव्हा तिनं मला मुद्दाम फोन करून सांगितलं, आणि आक्का असल्या गोष्टींसाठी फोन करणारी नव्हती.

मग एका दुपारी मी गेलो तर ती मेणबत्तीवर चमच्याची पाठ तापवत होती. गाडीचा सांगाडा समोर होता, घासून गुळगुळीत केलेला, रंगाच्या तयारीत. तिनं तो चमचा डाव्या पुढच्या दिव्याच्या वर टेकवला आणि दाबला. प्लॅस्टिक मऊ पडून आत गेलं. एवढ्या मेहनतीच्या कामात तिनं हातानं पोचा पाडला होता. "आक्का, हाई काय करी ऱ्हायनी?" मी विचारलं. ती म्हणाली, "जसं व्हतं तसं करी ऱ्हायनू." आणि चमचा खाली ठेवून, मेणबत्ती विझवून, तिनं मला ते सांगितलं, जे तिनं पन्नासहून जास्त वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं.

ती चौदा वर्षांची होती. शाळेला सुट्टी होती म्हणून आप्पांनी तिला बरोबर घेतलं होतं. शेठच्या पाहुण्यांना धानोऱ्याला सोडून ते रिकामी गाडी घेऊन परत येत होते. रस्ता मोकळा होता. तिनं हट्ट धरला, आणि आप्पांनी गाडी थांबवून तिला स्टेअरिंगसमोर बसवलं. पुढची सीट सलग, सोफ्यासारखी. ते नुसते बाजूला सरकले. गिअर त्यांनीच टाकला. ती चालवत होती, सरळ चालवत होती... समोरून बैलगाडी आली, तिनं स्टेअरिंग वळवलं, आणि रस्त्याकडेच्या बाभळीला गाडी धडकली. कुणाला लागलं नाही. डाव्या दिव्यावर मोठा पोचा पडला. "घरमा काही बोलू नको," आप्पा म्हणाले. पंधरा दिवसांत ते शेठकडून निघाले आणि आम्ही कळसाडीला आलो. नंतर आयुष्यभर ते दुसऱ्यांचे ट्रॅक्टर चालवत राहिले. तिनं त्यांना कधी विचारलं नाही, आणि विचारायचं ठरवलं तोवर आप्पा राहिले नव्हते. "आप्पानी नोकरी मन्हामुये गई, भाऊ," ती म्हणाली. तिच्या आवाजात रडू नव्हतं. इतकी वर्षं एकच वाक्य मनात म्हणून म्हणून ते गुळगुळीत झालेलं असावं.

मी गाडीच्या रंगाचं विचारलं. ती म्हणाली आकाशी. मला गाडी हिरवट आठवत होती. आमचा वाद मिटेना. तेव्हा तिला आठवलं की तो पोचा काढून गाडी पुन्हा रंगवणारे कादर मिस्तरी अजून आहेत. आम्ही रिक्षानं त्यांच्याकडे गेलो. मुलाच्या गॅरेजबाहेर खुर्ची टाकून ते बसले होते. वय ऐंशीच्या पुढे, कानांनी कमी ऐकू येणारे, पण रंगाचं नाव काढताच सावरून बसले. "आकाशीच व्हता. पण सुरतना रंग आठे भेटना नही. मी जरासा हिरवा टाका, तवय कुठे जमनं." म्हणजे आम्ही दोघंही बरोबर होतो. आक्कानं अपघाताआधीची गाडी लक्षात ठेवली होती, मी नंतरची.

मी उठायला लागलो. आक्का उठली नाही. मिस्तरींच्या कानाशी वाकून ती म्हणाली, "चाचा, ती गाडी मी ठोकेल व्हती."

मिस्तरींनी तिच्याकडे नीट पाहिलं. "मालूम शे. तुन्हा बापनीच सांगं. आठेच बठेल व्हता तो. म्हने, मिस्तरी, मन्ही पोरनी गाडी सिधी चालाडी, झाडच मधमा उनं." आणि ते स्वतःशीच हसले.

पुढचं त्यांनी तुकड्यातुकड्यानं सांगितलं. गाडी दुरुस्त होऊन गेली तेव्हा शेठचा राग ओसरला होता. पण मुलगी चालवत होती ही गोष्ट बैलगाडीवाल्यानं बाजारात सांगितली आणि लोक शेठला हसू लागले. शेठनं आप्पांना सांगितलं, पोरीला पेढीवर घेऊन ये, सगळ्यांसमोर माफी मागू दे, मग विषय संपला. आप्पांनी गाडीची किल्ली गादीवर ठेवली आणि ते बाहेर पडले. तिथून पायी थेट मिस्तरींकडे आले, चहा प्यायले आणि घरी गेले.

परतताना आमची रिक्षा थांबली. रेल्वे फाटक बंद होतं, मालगाडी संपता संपत नव्हती. आक्का म्हणाली, "मी मांगी लेती ना माफी. काय बिघडतं?" मी म्हटलं, "तू मागितली असतीस. म्हणूनच त्यांनी तुला नेलं नाही." तिनं पदर तोंडाला लावला. फाटक उघडेपर्यंत ती रडत होती, आणि मी मालगाडीचे डबे बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी तिनं तो पोचा पुट्टीनं भरला. "मिस्तरीनी भरा, मंग मीबी भरसू," म्हणाली. त्यावर आकाशीत जरासा हिरवा मिसळून तीन हात दिले. बोट फिरवलं तर काही लागत नाही.

गाडी पेटीत गेली आणि आक्का मला म्हणाली, "भाऊ, माले गाडी शिकाड." माझ्याकडे छोटी, जुनी मोटार आहे. मी आधी हसण्यावारी नेलं. ती डॉक्टरचं प्रमाणपत्र आणि शिकाऊ परवाना घेऊनच दारात उभी राहिली. मग दर रविवारी चार वाजता आम्ही शहराबाहेर, उसाच्या शेतांमधून जाणाऱ्या एका सरळ रस्त्यावर जाऊ लागलो. उंची कमी म्हणून ती सीट अगदी पुढे ओढून घ्यायची, पाठीमागे उशी घ्यायची आणि दुसऱ्या गिअरच्या वर जायची नाही. समोरून कुणी आलं की गाडी थांबवून वाट द्यायची. एकदा एका ट्रॅक्टरवाल्यानं जाताना तिला हात केला. तिनंही केला, आणि तेवढ्यात गाडी बंद पडली. आम्ही दोघंही पोट धरून हसलो. असे अकरा रविवार मिळाले.

ती गेल्यावरही मी अधूनमधून त्या रस्त्यावर जातो. तिथवर चालवायची म्हणजे मला सीट मागे सरकवावी लागते, नाहीतर गुडघे स्टेअरिंगला लागतात. तिथे गाडी उभी करून थोडा वेळ डाव्या बाजूला, माझ्या रविवारच्या जागी, बसतो. घरी आल्यावर किल्ली काढतो, आणि उतरण्याआधी सीट पुन्हा पुढे ओढून ठेवतो.