एकशे बारा नंबरची मी

तुमच्याकडे कामाला एकाच नावाची दोन माणसं असतील, तर त्यातलं जास्तीचं कोणतं? हा प्रश्न विचारत जगणारा माणूस आख्ख्या डहाणू-तलासरीत एकच होता, माझ्या मावशीचे दीर, आमचे काका. कैनाडच्या एका चिकूच्या वखारीत ते कामगारांची वही सांभाळत. सांभाळत म्हणजे कसे, तर वहीला पाठ दाखवून बसतसुद्धा नसत. प्रत्येक बाईला एक नंबर. ती काम सोडून गेली तरी तो दुसरीला नाही. घरातल्या चहाच्या कपांनाही नंबर होते, आणि पाहुण्याला चुकून सात नंबरचा कप गेला की काका कासावीस. वहीतला कुणाचा फोन नंबर भिंतीवरही लिहिलेला दिसला, तर ओल्या फडक्याने पुसून टाकत. "एकच गोष्ट दोन जागी लिहिली, की त्यातली एक खोटी पडते," म्हणत. तरीही दर शनिवारी वहीची आख्खी नक्कल घेऊन एसटीने उधव्याला बहिणीकडे जात आणि ती तांदळाच्या कोठीत ठेवत. ही मात्र वापरायची नाही, वखारीला आग लागली तरच काढायची. बहिणीला वाटे, भाऊ मायेने येतो.

मी तेव्हा चळवळीची पत्रकं वाचून, पत्रकं लिहून पेटलेली. माणसाला नंबर देणं मला अपमान वाटे. २०१७ च्या हंगामात मालकांनी कॉम्प्युटर आणला आणि यादी टाइप करायला मला बसवलं. मी नंबरांचा रकाना तत्त्व म्हणून गाळला. शिवाय विवळवेढ्याच्या महालक्ष्मीमुळे आमच्याकडे घरोघरी लक्ष्मी. त्यात एक नाव दोनदा दिसलं. नवऱ्याचं नाव तेच, पाडाही तोच. मी एक खोडलं. जुनी वही मालकांनी रद्दीत घातली.

टेम्पोवाला छापील यादी वाचून बायकांना घेई. चार दिवस एक लक्ष्मीताई डबा घेऊन रस्त्यावर उभी राहिली आणि घरी परतली. आपल्याला काढलं असंच तिला वाटलं. पाचव्या दिवशी ती चालत वखारीत आली. मालक म्हणाले, कॉम्प्युटरमध्ये दुसरी लक्ष्मी नाही. ती माझ्याकडे बघत म्हणाली, "ताई, मी तर इथं उभी आहे. कागदात का नाही?"

काका उधव्याच्या एसटीत बसले. संध्याकाळी तांदळाचा कोंडा झटकत त्यांनी नक्कल माझ्यापुढे उघडली. एकेचाळीस, लक्ष्मी. सदुसष्ट, लक्ष्मी. मी बोलणी खायच्या तयारीत होते. ते एवढंच म्हणाले, "नंबर माणसाला लहान करायला नसतो गं. तिच्यासारखी दुसरी आली तरी ती हरवू नये, म्हणून असतो." मग त्याच नकलेत शेवटी माझं नाव लिहिलं, एकशे बारा.

लक्ष्मीताई दुसऱ्या दिवशी टेम्पोत चढली. तिचे चार दिवस मात्र मी परत आणू शकले नाही. काका २०१९ पासून उधव्यालाच राहतात, कप मोजत. वखारीच्या यादीत पहिला रकाना आता नंबरांचा आहे, आणि शनिवारी नक्कल घेऊन मी जाते. कोठीत हात घालताना दर वेळी त्यांचे उपकार आठवतात.

तुमच्याकडेही माणसांची यादी असेल. आज ती उघडा. एकसारखी दोन नावं दिसली, तर एक खोडण्याआधी दोघींना हाक मारून बघा.