विचारून दिलेला तास

"मॅडम, बसू का जरा?" असं म्हणून सर शेजारची खुर्ची ओढायचे, तेव्हा कुणाचा तरी तास बदलणार हे शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना कळायचं. कानावरची पेन्सिल हातात घ्यायचे, पण लगेच लिहायचे नाहीत. आधी पाणी प्यायचं, मग घरचं विचारायचं. दोन मिनिटांच्या कामाला अर्धा तास लावणारी अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. खरं सांगायचं तर मला त्यांचा कंटाळा यायचा.

आमची शाळा निमोण्याजवळची, विनाअनुदानित. सगळेच करारावर. सर गणित शिकवायचे, केंदूरहून मोटारसायकलवर यायचे, आणि कुणालाच नको असलेलं वेळापत्रकाचं काम त्यांच्या गळ्यात पडलेलं होतं.

ते वेळापत्रक दर आठवड्याला बदलायचं. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. निम्मे शिक्षक शेतकरी. रात्रभर उसाला पाणी देऊन आलेल्या माणसाला पहिला तास द्यायचा नाही, हा सरांचा न्याय. "झोपाळलेला मास्तर पोरांना काय शिकीवणार?" असं म्हणायचे. ते पहिले तास मग आम्हा बायकांच्या वाट्याला यायचे.

एकदा मी चिडून म्हणाले, "सर, उसाच्या पाण्याची पाळी तुम्हाला पाठ आहे. माझी मुलगी सकाळी कुणाजवळ असते, हे कधी विचारलंत का?"

सरांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. म्हणाले, "न्हाई इचारलं. चुकलंच माझं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी एकेका बाईजवळ खुर्ची ओढली आणि अख्खं वेळापत्रक खोडून नव्यानं मांडलं. पुरुषमंडळी आठवडाभर त्यांच्याशी धड बोलत नव्हती.

मग एका जूनमध्ये नवी करारपत्रं आली. त्यात एक ओळ होती : कामाचे तास व वेळा व्यवस्थापन गरजेप्रमाणे बदलेल. त्याच आठवड्यात दहावीचे जादा तास सकाळी पावणेसातला लागले आणि त्यापुढे माझं नाव आलं. केडगावहून पहिली एसटी मला साडेआठच्या आत पोचवत नव्हती. नवरा कुरकुंभला कारखान्यात, पहाटेच घराबाहेर पडणारा. मुलगी पाच वर्षांची. सही केली तर कुणाच्या तरी गाडीवर पहाटेच निघायचं आणि ती घरात एकटी, नाही केली तर नोकरी गेली.

सर माझं करारपत्र घेऊन संस्थेच्या सचिवांकडे गेले. मी मागे उभी.

"सायेब, तास बदला. पण आठ दिस आधी सांगून आन् माणसाला इचारून, एवढं लिवा."

सचिव हसले. "सर, ही शाळा हाय का ग्रामसभा? दहावीपुढं सकाळी कोण उभं ऱ्हाणार, ते सांगा आधी."

"मी ऱ्हातो."

"रोज?"

"रोज. माझी गाडी हाय, मॅडमची यष्टी. तुमी ओळ लिवा."

ओळ लिहिली गेली, सगळ्यांच्याच करारात. बाहेर आल्यावर मी आभार मानू लागले तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. मला तशीबी लवकर जाग येती." मी ते खरं मानलं. मानणं सोयीचं होतं.

दीड वर्ष सर अंधारात केंदूरहून निघत राहिले. दुपारी शिक्षकांच्या खोलीत बसल्या बसल्या पेंगायचे. "सरांची लाईट रात्रीची दिसतीय," असं आम्ही म्हणायचो आणि हसायचो. मीही हसले आहे.

एका सोमवारी ते आले नाहीत. त्यांच्या पत्नी गेल्याचा निरोप आला. दहाव्याला आम्ही गाडी करून केंदूरला गेलो. सरांच्या पत्नी चार वर्षं अंथरुणाला खिळून होत्या, हे आम्हाला तिथं समजलं. सगळ्यांच्या घरचं विचारणाऱ्या या माणसाला आमच्यापैकी एकानंही घरचं विचारलं नव्हतं. मला मान वर करायची लाज वाटली.

मला बघून सर सतरंजीवर थोडे सरकले. "मॅडम, येताना तरास न्हाई ना झाला?" एवढंच म्हणाले.

त्यांच्या शेजारच्या मावशी मला आत घेऊन गेल्या. रिकामी कॉट दाखवत म्हणाल्या, "आधी सर आठपातूर हितंच असायचे. शाळा लवकर लागली, तवापासून पाचलाच जायचे. मी धारा काढून आठला यायची. तवर बाई एकल्याच पडून. त्या दिशी मी आले, तवा गेल्या व्हत्या."

सर पुन्हा शाळेत आले नाहीत. राजीनामा दुसऱ्याच कुणाच्या हाती पाठवला.

पाच ते आठ. दीड वर्ष रोज त्या वेळात मी माझ्या मुलीला उठवत होते, न्हाऊ घालत होते आणि तिच्या दोन वेण्या घालत होते.