देव नसलेला डोंगर

इंदूआक्का कुजबुजल्या तरी गल्लीच्या तोंडाशी ऐकू जायचं. बेळगावच्या खासबागेत त्यांच्या घरात खाली साड्यांचे माग होते आणि वरच्या खोलीत मी भाड्यानं राहायचो. माग सुरू झाले की त्यांच्या खडखडाटावरून उडी मारून शब्द पलीकडे पोचवावे लागत, म्हणून त्या घरात सगळेच मोठ्यानं बोलत. आक्कांचे यजमान आप्पा माग बंद झाल्यावर आवाज खाली आणायचे. आक्का आणायच्या नाहीत. "संजू, हे कुणाला सांगू नको हां," असं बजावून त्या मला जे सांगायच्या, ते समोरच्या पिठाच्या गिरणीत दळण घेऊन उभे असलेले लोक माना डोलवत ऐकायचे.

मी तेव्हा उद्यमबागेत एका कारखान्यात नोकरीला होतो. एका रविवारी जिन्यात बसून मोबाइलवर फोटो बघत होतो. कारखान्यातला एक मित्र कुद्रेमुखच्या राष्ट्रीय उद्यानात डोंगर चढून आला होता, त्यानं पाठवलेले. आक्का चहाचा कप घेऊन आल्या आणि माझ्या खांद्यावरून वाकल्या. पडद्यावर हिरवे डोंगर होते, एकावर एक पडलेले. झाड नाही, घर नाही, नुसतं गवत.

"ही घडी कुणी मोडलीया रं?" त्या म्हणाल्या.

मला आधी कळलं नाही. मग दिसलं. नवी साडी कुणीतरी उलगडून बघावी आणि तशीच टाकून उठून जावं, तसे ते डोंगर होते. आक्कांनी बोटानं काच चाचपली. साडीचा पोत बघताना फिरवायच्या तसंच बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "मला हितं न्ये. फोटूत काय कळत न्हाय."

मी हसून हो म्हणालो. आक्कांना हो म्हणताना हसायचं नसतं, हे मला पुढं कळलं.

दुसऱ्या दिवशी ही बातमी आप्पांपर्यंत पोचली, म्हणजे आक्कांनी ती माग चालू असतानाच सांगितली. आप्पांनी विचारलं, "वर देव कुठला हाय?"

"न्हाय."

"मग समाधी असंल कुणाची."

"तीबी न्हाय."

"मग कशाला जातीस?"

"बघायला."

आप्पांनी माग बंद केला. फार गंभीर काही घडल्याशिवाय ते माग बंद करत नसत. थोडा वेळ ते बायकोकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. हे मीच डोक्यात भरवलं असणार, अशी त्यांची नजर होती. आक्का मात्र शांत होत्या. "लग्नाला गेलो, मयताला गेलो, देवाला गेलो," त्या म्हणाल्या. "काम हाय म्हणून तर गाढवबी गावाला जातंय. काम नसताना जायला माणूस लागतंय."

आमच्या बेळगावकडच्या बायका 'मी जातो, मी करतो' असंच म्हणतात, आणि आक्का ते असं म्हणायच्या की पुढं कुणाचं काही चालत नसे.

मग तयारी सुरू झाली. मुलीच्या लग्नाचा अनुभव गाठीशी असल्यामुळे आक्कांनी डोंगराची तयारी लग्नासारखीच काढली. रोज संध्याकाळी जिन्यात बैठक. मी वरच्या पायरीवर, त्या खालच्या, आप्पा दारात, आपला ह्यात संबंध नाही असं तोंड करून. जंगलखात्याची आधी परवानगी काढावी लागते, गाईड घ्यावाच लागतो, प्लास्टिक चालत नाही, अंधार पडायच्या आत खाली उतरावं लागतं, असं मी सांगितलं. "डोंगर चढायला परवानगी," आक्का आप्पांकडे वळून म्हणाल्या, "आणि तुमी म्हणताय, वर कोण न्हाय तर कशाला जातीस. कोण नसता तर परवानगी कशाला लागली असती?"

आप्पांना पहिल्यांदाच हा मुद्दा पटल्यासारखा दिसला.

सरावासाठी आम्ही येळ्ळूरच्या गडावर जायला लागलो. आक्कांनी कॅनव्हासचे बूट घेतले. साडी सोडायची नाही हे त्यांचं पक्कं होतं; म्हणून आत जावयाची जुनी ट्रॅकपँट आणि वर गुडघ्यापर्यंत खोचलेली साडी. हा पेहराव करून त्या पहाटे गल्लीतून झपाझप निघाल्या की दारं उघडायची. "काय झालं ओ आक्का? कुणाचं बरं न्हाय काय?" लोक घाबरून विचारायचे. "सगळी बरी हाईत," आक्का न थांबता सांगायच्या. "म्हणून तर निघालोय."

गड त्या माझ्या आधी चढायच्या. जन्मभर मागावर उभं राहिलेले पाय होते ते. वर पोचल्यावर माझी वाट बघत बसायच्या आणि मी धापा टाकत आलो की म्हणायच्या, "कारखान्यात तुमाला खुर्ची देतात न्हाय?"

सगळं ठरत आलं आणि निपाणीहून फोन आला. आक्कांची मुलगी सुरेखा तिथं दिलेली. ती म्हणाली, "आई, आत्याबी यायच्या म्हणत्यात."

आत्या म्हणजे तिच्या सासूबाई, वत्सलाबाई. आक्कांनी फोन खाली ठेवला आणि त्या चक्क हळू आवाजात म्हणाल्या, "संजू, खेळ खलास."

ह्या दोन विहिणींची गोष्ट सगळ्या खासबागेला माहीत होती. सुरेखाच्या लग्नात आक्कांनी विहिणीला मानाची साडी दिली होती, हिरवी, घरच्या मागावर स्वतः उभं राहून विणलेली. वर्ष-दीड वर्षानं आक्का चिकोडीला कुणाच्या तरी लग्नाला गेल्या आणि तिथं त्यांना आहेरात साडी मिळाली. घरी येऊन उघडली तर तीच. निपाणीहून जावेला, जावेकडून तिच्या बहिणीला, अशी पाहुण्यापाहुण्यांतून फिरत साडी माहेरी आली होती. घडीसुद्धा मोडलेली नव्हती. त्या दिवसापासून दोघी एकमेकींशी बोलत नसत. जे काही असेल ते सुरेखामार्फत.

"येऊ द्या," शेवटी आक्का म्हणाल्या. "डोंगर काय माझ्या बापाचा न्हाय."

निघायच्या आधी सुरेखानं मला फोन केला. तिचं बाळ लहान होतं, तिला येता येणार नव्हतं. "दादा," ती म्हणाली, "माझं निम्मं आयुष्य ह्या दोघींच्या मधे उभं राहण्यात चाललंय. सणाला कुठं जायचं म्हटलं तरी आधी दोन्हीकडं निरोप पोचवावे लागतात. वर नेताय तर न्या, पण भांडून दोघी दोन गाड्यांनी परत आल्या तर मी मधल्या मधी मरतो."

वत्सलाबाई तंबाखूच्या व्यापाऱ्याच्या घरातल्या. उंच, गोऱ्या, आणि बोलणं अगदी पुस्तकातलं. 'मी जाते, मी येते' असं त्या जपून म्हणायच्या. पायात मुलानं आणलेले भारी बूट होते. गाडीत त्या पुढं बसल्या, आक्का मागं, आणि मी आक्कांशेजारी. सगळा रस्ता मी सुरेखाची नोकरी केली. "विहीणबाईंना विचार, दशमी खाणार काय," आक्का म्हणायच्या, तेही अशा आवाजात की पुढच्या गाडीतल्यांनीही हो म्हणावं. वत्सलाबाई काचेतून बाहेर बघत म्हणायच्या, "त्यांना सांगा, मी घरून आणलंय."

डोंगराच्या पायथ्याच्या गावात मुक्काम केला आणि सकाळी जंगलखात्याच्या नाक्यावर गेलो. तिथं पिशव्या तपासतात. आक्कांच्या पिशवीत कडक भाकरी, शेंगाचटणी आणि पितळेचा डबाभर खव्याचा कुंदा निघाला. वत्सलाबाईंच्या पिशवीत तंबाखूचा पुडा निघाला.

शिपायानं पुडा उचलून धरला. रांगेतली बंगळूरची तरुण मंडळी वत्सलाबाईंकडे बघायला लागली. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांना कानडी येत नव्हतं. "जळवांसाठी आहे," त्या मराठीत म्हणाल्या. "आमच्या घरात कुणी खात नाही." शिपायाला त्यातलं अक्षर कळलं नाही.

मला वाटलं, आता आक्का मजा बघणार. आक्का पुढं झाल्या. "नम्म बीगती री इवरु," त्या कानडीत गरजल्या, "तंबाकू तिन्नंगिल्ल." ही आमची विहीण आहे, ही तंबाखू खात नाही, हे अख्ख्या उद्यानाला कळलं. शिपायानं पुडा काढून घेतला, पण 'अम्मा' म्हणत वत्सलाबाईंना हात जोडले.

वत्सलाबाई चालायला लागल्यावर मला म्हणाल्या, "त्यांना सांगा, आभारी आहे."

आक्का मला म्हणाल्या, "त्यास्नी सांग, त्यात काय."

दोघींमध्ये हातभर अंतर होतं आणि त्या अंतरात मी होतो.

जंगलातून वाट वर जात होती. गाईडनं सुरुवातीलाच ओठांवर बोट ठेवलं होतं: मोठ्यानं बोलायचं नाही, जनावरं बुजतात. आक्कांनी मान डोलावली आणि विचारलं, "किती मोठ्यानं?" झाडावरून माकडांची एक टोळी उठून गेली.

ओढा ओलांडल्यावर आक्का थांबल्या. बूट काढला. घोट्यावर जळू होती, चांगली टम्म. मागावर वीज गेली तरी न डगमगणाऱ्या आक्का दगडावर बसून डोळे घट्ट मिटून म्हणाल्या, "संजू, काड रं ते. मला बघवत न्हाय." मी हात पुढं केला आणि मागं घेतला. मलाही बघवत नव्हतं.

तेवढ्यात वत्सलाबाई खाली बसल्या. पदराची गाठ सोडली. गाठीत चिमूटभर तंबाखू होती, नाक्यावरून वाचलेली. त्यांनी ती थुंकी लावून मळली आणि आक्कांचा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला.

"मी लावतो," त्या म्हणाल्या. "हलू नका."

जळू गळून पडली. 'मी लावतो' कुठून आलं, हे त्यांनाही कळलं नसावं.

जंगल संपलं आणि गवताचे डोंगर सुरू झाले. आक्का उभ्या राहिल्या. फोटोतल्यासारखंच होतं, फक्त त्याला वारा होता. एका डोंगरावरून लाट निघायची आणि दुसऱ्यावर जाऊन मावळायची. आक्का वाकल्या आणि गवतावरून तळवा फिरवला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. माझ्या ओळखीत आक्का एवढा वेळ गप्प राहिल्याचं मला दुसरं आठवत नाही.

शिखर समोर दिसत होतं. शेवटचा चढ तेवढा उरला होता, आणि तिथंच वत्सलाबाईंचा गुडघा धरला. त्यांनी दोनदा उठून बघितलं. तिसऱ्यांदा उठल्याच नाहीत. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्या घाम पुसल्यासारखं पुसत होत्या. "तुम्ही जा," त्या म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या ते कळलं नाही. "माझ्यामुळं थांबू नका."

गाईड म्हणाला, मी ह्यांच्याजवळ थांबतो. दुसऱ्या गटाबरोबर तुम्ही वर जाऊन या, पण आत्ताच निघा, नंतर वेळ मिळायचा नाही.

आक्कांनी शिखराकडे बघितलं. येळ्ळूरच्या सगळ्या पहाटा मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसल्या. आपण कुणापुढं हात टेकले नाहीत, आप्पांपुढं नाही, गल्लीपुढं नाही, ते सगळं तिथं वर, हाकेच्या अंतरावर होतं. मग त्यांनी कुंद्याचा डबा काढला आणि वत्सलाबाईंच्या शेजारी बसकण मारली.

"संजू, तू जाऊन ये," त्या म्हणाल्या. "ह्यास्नी कानडी येत न्हाय. गाईडाशी काय बोलणार?"

मी वर गेलो. वर पोचायला आणि धुकं यायला एकच गाठ पडली. पुढं केलेला हात दिसेना. पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढला आणि फिरलो. उतरताना दोघी दिसायच्या कितीतरी आधी आक्का ऐकू आल्या.

"ती साडी तुमी दिली का ओ दुसऱ्यास्नी?"

वत्सलाबाईंचा आवाज पोचत नव्हता. मी झपाझप उतरलो.

"मला वाटलं दुकानातनं आणलीया," वत्सलाबाई म्हणत होत्या. "जावेनं मागितली, दिली. घरी विणलेली हे कुणी सांगितलंच न्हाय मला."

"सांगायला कशाला पायजे? काठ बघून कळत न्हाय?"

"आमी तंबाखूवाले," वत्सलाबाई म्हणाल्या. "पान बघून कळतंय आमाला. काठ बघून काय कळणार?"

आक्कांनी विहिणीकडे वळून बघितलं. मग हसायला लागल्या. ते हसू समोरच्या डोंगरावर आपटून परत आलं आणि त्यात वत्सलाबाईंचंही मिसळलं. गाईड बिचारा दोघींपुढं हात जोडून उभा होता.

"काय दिसलं वर?" आक्कांनी मला विचारलं.

"काहीच नाही. धुकं."

"बघा," त्या विहिणीला म्हणाल्या, "हितनं सगळं दिसलं."

खासबागेत परतल्यावर लोक विचारायचे, तेव्हा आक्का स्वच्छ सांगायच्या, "वर गेलोच न्हाय." त्यात त्यांना काही कमीपणा वाटत नसे. पण त्यानंतर दोघींचं काम नसताना जाणं सुरूच झालं. कधी खानापूरच्या पुढच्या जंगलात, कधी नुसत्या एस.टी.नं गोव्यापर्यंत आणि परत. सुरेखा निरोप्याच्या नोकरीतून सुटली. उलट, दोघींपैकी एकीलाही फोन लागत नाही, अशी तिची तक्रार असायची.

पुढं माझी बदली झाली. आक्का गेल्याचं सुरेखानंच कळवलं. सकाळी माग सुरू करायला उभ्या राहिल्या आणि तिथंच बसल्या, एवढंच झालं. तेराव्याला मी गेलो. माग बंद होते आणि आप्पा इतक्या हळू बोलत होते की जवळ जाऊन ऐकावं लागत होतं.

बायकांच्या घोळक्यात वत्सलाबाई बसल्या होत्या. कुणीतरी त्या डोंगराचा विषय काढला. "शेवटी अर्ध्यातनं परत आला म्हणं तुमी," एक शेजारीण म्हणाली.

"कोण म्हणतंय?" वत्सलाबाईंनी मान वर केली. "पार वर गेलतो आमी. इंदूताई पुढं, मी मागं. वरनं समुद्र दिसत होता. गलबतं दिसत होती समुद्रातली. त्या म्हणाल्या, बसा विहीणबाई, घाई कसली, आणि आमी लई वेळ बसलो." त्यांची नजर फिरत फिरत दारात उभ्या असलेल्या माझ्यावर आली. "हा होता की संगट. व्हय की न्हाय रं, संजू?"

सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या. आप्पांनीही मान वर केली.

"व्हय," मी म्हणालो.