केशोरीच्या कॉम्प्युटरवरची पहिली ओळ

"मॅडम, पुन्हा लाल लाल लिहून येऊन राहिलं जी."

फोनवर केशोरीच्या धान खरेदी केंद्रातले धनराजभाऊ होते. मी गोंदियाच्या ऑफिसात. केंद्राचं नोंदणीचं सॉफ्टवेअर मी लिहिलेलं. हंगामाचा पहिला दिवस, दारात धानाचे ट्रॅक्टर लागलेले आणि आभाळ भरून आलेलं. नोंद झाल्याशिवाय पोतं आत घ्यायचं नाही, असा नियम. उघड्यावर भिजलेलं धान मग कोण घेणार?

धनराजभाऊंचं काम तसं सोपं. सेटिंगच्या फाइलमध्ये वर केंद्राचं नाव लिहायचं. मग स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत कमांड टाइप करून फोल्डरमध्ये शिरायचं आणि बिल्ड करायचं, म्हणजे माझा कोड मशीनला चालेल असा तयार करायचा. धान भरडून तांदूळ काढावा तसं. शेवटी रन, म्हणजे चालू करायचं.

बिल्ड तीनदा फसलं; दरवेळी मशीन लाल अक्षरांत चूक दाखवायचं. मी इंटरनेट तपासायला लावलं, मशीन बंद करून चालू करायला लावलं. इकडे माझे साहेब डोक्यावर उभे. "मैडम, और कितना टाइम?" माझ्या तोंडचं पाणी पळालं.

"धनराजभाऊ, तुम्ही काही बदललंत का?"

"नाही जी. मी कायले हात लावू? तुमी सांगतलं तेवढंच लिवलो."

शेवटी तासाभरापूर्वीच करायला हवं होतं ते केलं. लाल अक्षरांतलं पहिलं वाक्य वाचा म्हटलं. त्यांनी इंग्रजी अक्षरं जुळवत वाचलं: चूक सेटिंगच्या फाइलमध्ये, लाइन वन.

"पहिल्या ओळीत केंद्राचंच नाव आहे ना?"

"नाव दुसऱ्या ओळीत हाये. पहिलीत श्री लिवलो. श्री नाही लिवलो तं नवीन काम सुरू कसं करू?"

वीस वर्षं ते केंद्राचं रजिस्टर असंच उघडत आले होते. मला हसू फुटलं. पण हंगामाच्या पहिल्या दिवशी श्री पुसा म्हणायला जीभ रेटेना.

"श्रीच्या आधी हॅशचं चिन्ह टाका," मी म्हटलं. हॅशने सुरू होणारी ओळ मशीन वाचतच नाही, सोडून देतं.

ट्रॅक्टरच्या धडधडीत त्यांनी हॅश टाकला, पुन्हा बिल्ड केलं, रन केलं. मग धनराजभाऊ ओरडले, "झालं जी मॅडम! सुरू झालं!"

मी खुर्चीत मागे टेकले. इतकं हलकं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. पाऊस संध्याकाळी आला, तेव्हा शेवटचं पोतं छपराखाली गेलेलं होतं.

आता प्रत्येक केंद्राला फाइल पाठवताना पहिल्या ओळीत हॅश आणि श्री मीच घालून देते. आणि लाल अक्षरं दिसली, की आधी वाचते, मग घाबरते.