ठोक्याची भट्टी

कारखान्यात त्याला ठोक्या म्हणत. अडतीस वर्षं त्यानं ओतकामाच्या भट्ट्यांना आतून विटांचं अस्तर लावलं, पण न ठोकता एक वीट लावली नाही. डाव्या तळहातावर वीट उभी धरायची, हातोडीच्या टोकानं एक टिचकी मारायची, मान कलती करून डोळे अर्धे मिटायचे. खणखणली तर भट्टीत, भद्द वाजली तर ढिगाऱ्यात. नवे कामगार हसायचे. "काय म्हणतेय वीट? घरी सगळे बरे आहेत ना?" असं विचारायचे. ठोक्या त्यांच्याकडे बघायचासुद्धा नाही. हसणारा प्रत्येक जण पुढे त्याच्याच भट्टीसमोर बिनधास्त उभा राहायचा, हे त्याला पुरेसं होतं.

कारखाना बंद पडला, ठोक्या घरी बसला. दोन वर्षांपूर्वी त्याचा डावा कान गेला आणि मागोमाग उजव्यात कुणीतरी कापूस कोंबावा तसं झालं. त्यानं ते कुणाला सांगितलं नाही. टीव्हीचा आवाज वाढवायचा, फोन आला की "जरा कामात आहे" म्हणून बायकोकडे द्यायचा, समोरच्याच्या ओठांवर नजर ठेवायची. एवढ्यावर त्याचं निभत होतं.

मुलगी बेकरीत कामाला होती. बारा वर्षं दुसऱ्याच्या भट्टीत पाव भाजून तिचे हात कोपरापर्यंत पोळले होते. आता तिच्या डोक्यात एकच होतं, घरामागच्या अंगणात स्वतःची लाकडावरची पिझ्झाची भट्टी, रविवारी रविवारी विकायला. जावई लिफ्ट दुरुस्त करायचा. त्यानं मोबाइलवर ढीगभर व्हिडिओ बघून वहीत आकृत्या काढल्या होत्या. वही घेऊन दोघं आले.

"बाबा, गवंडी बोलावला असता," जावई म्हणाला, "पण ही म्हणते, भट्टीला हात लावीन तर बाबांच्याच."

"अहो, नका नादी लागू," बायको आतून म्हणाली. "गुडघे कुरकुरतात तुमचे."

ठोक्याला ते ऐकू आलं नाही. जावयाचे ओठ मात्र त्यानं वाचले होते. तो म्हणाला, "वही ठेवा जावईबापू. घुमट किती उंच पाहिजे तेवढं सांगा."

विटा त्याच्याच जुन्या कारखान्यातून आल्या. पाडलेल्या भट्ट्यांच्या विटा मागच्या आवारात उघड्यावर रचून ठेवल्या होत्या, चार पावसाळे खाल्लेल्या. पिवळट, जड, काहींच्या अंगाला अजून काजळी. जावयानं टेम्पोभर उतरवल्या. ठोक्यानं स्टूल घेतलं, हातोडी घेतली आणि एकेक वीट तळहातावर उभी करून टिचकी मारू लागला. मान कलती, डोळे अर्धे मिटलेले. मुलगी चहाचा कप घेऊन दारात उभी राहून बघत होती. लहानपणापासून तिनं बापाच्या या कामाच्या गोष्टी ऐकल्या होत्या, प्रत्यक्ष बघत होती पहिल्यांदा.

हातोडी विटेवर पडत होती. ठोक्याच्या कानात काहीच पडत नव्हतं.

दोनशे दहा विटांमधून त्यानं अकरा बाजूला काढल्या. कान शाबूत असते तर चाळीस तरी निघाल्या असत्या, हे त्याला तेव्हाही कळत होतं. अकरा त्यानं नजरेच्या अंदाजानं काढल्या, आणि थोड्या दिखाव्यासाठी. एकही काढली नसती तर पोरीला वाटलं असतं, बाप नीट ऐकत नाहीये.

मग काम चढत गेलं. कमरेइतका कट्टा, त्यावर वाळू, वाळूवर तळाच्या विटा इतक्या लगत की मधून नख जाऊ नये. वर ओल्या वाळूचा घुमटासारखा ढीग, त्याला ओले कागद चिकटवलेले आणि कागदावरून विटांची वर्तुळं, एकावर एक, आत झुकत झुकत. सांध्यात भट्टीची माती नाण्याच्या जाडीची. जावयाला घाई.

"बाबा, जरा जाड भरली तर पटकन उरकेल की."

"पटकन उरकायला ही तुमची लिफ्ट नाही."

"लिफ्टपण पटकन पडली तर चालत नाही, बाबा." जावई हसला. मुलगी हसली. ठोक्या त्यांचं बघून हसला.

माथ्यातली शेवटची वीट बसली त्या दिवशी मुलीनं तोंडातून हात घालून आतली वाळू उपसली. घुमट आपल्या पायावर उभा राहिला. तिनं आत डोकं घातलं आणि हाक मारली, "बाबा!" घुमटानं ती हाक गोल फिरवून परत दिली असणार, कारण बाहेर येताना तिचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता. ठोक्यानं मान डोलावली. बायको पायरीवर कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं नवऱ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि पुन्हा घड्या घालू लागली.

भट्टी बांधून झाली म्हणजे झाली असं नसतं. ओल मारावी लागते. पहिल्या दिवशी काटक्यांचा मूठभर जाळ, दुसऱ्या दिवशी दोन मुठी, असे सात दिवस. रोज धुराड्याच्या तोंडावर काचेचा तुकडा धरायचा. काच घामेजली की समजायचं, पोटात अजून पाणी आहे. सातव्या दिवशी शनिवार येत होता. रविवारी मुलीनं वीस-पंचवीस माणसं बोलावली होती, बेकरीतल्या मैत्रिणी, जावयाच्या कामावरचे, शेजारी. फुकट खायला घालायचं आणि पुढच्या रविवारपासून गिऱ्हाईक बांधायचं, असा तिचा बेत. बेकरीतून तिनं महिनाभर आधी राजीनामा दिला होता.

पाचव्या दिवशी ती जाळासमोर उकिडवी बसलेली असताना म्हणाली, "बाबा, उजवीकडे आत काहीतरी वाजतंय. ऐकताय ना?"

ओल निघतानाचा आवाज वेगळा, तडा जातानाचा वेगळा, आणि ठोक्याला दोन्ही ऐकू येत नव्हते. तो परीक्षा घेतल्यासारखा म्हणाला, "तूच सांग. कसा वाटतो?"

ती कान लावून बसली. "बोटं मोडल्यासारखा. एकदा वाजतो, मग बराच वेळ गप्प."

ओल निघते ती तापलेलं पातेलं निवावं तशी, बारीक आणि सलग. बोटं मोडल्यासारखा आवाज त्यानं आयुष्यात नीट एकदाच ऐकला होता, तीन नंबरच्या भट्टीत. छतातली एक वीट ठोकताना भद्द वाजली होती. मुकादम डोक्यावर उभा होता, पाळी खोळंबली होती. "काय रे, होतंय का?" मुकादमानं विचारलं आणि ठोक्या म्हणाला होता, "चालेल." तिसऱ्या दिवशी त्याचा जोडीदार भट्टीच्या तोंडाशी वाकला तेव्हा आतून बोट मोडल्यासारखं एकदा वाजलं. जोडीदाराचा एक डोळा आणि अर्धा गाल गेला. वीट कुणी लावली हे कुणी विचारलंच नाही, कारण ती ठोक्यानं लावली होती.

मुलगी उत्तराची वाट बघत होती.

"चालेल," ठोक्या म्हणाला. "ओल निघते."

तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. ती आणखी दोन काटक्या आत सारून उठली.

शनिवारी दुपारी मुलगी आणि जावई बाजारात गेले. सकाळचा जाळ विझून भट्टी निवली होती. ठोक्यानं घुमटाच्या तोंडातून खांद्यापर्यंत अंग आत घातलं. हातात सळई होती. सळईचं एक टोक विटेला टेकवून दुसरं त्यानं दातांत धरलं आणि शेजारी हातोडीनं ठोकलं. खणखणीत वीट दातांतून कवटीत बारीक मुंग्या आणायची. दुसरी तशीच, तिसरी तशीच. उजवीकडे मात्र एका ठिकाणी मुंग्या आल्याच नाहीत. त्यानं पुन्हा ठोकलं. दात नुसते दुखले.

पाठीवर थाप बसली. तो काजळलेलं तोंड घेऊन बाहेर आला. समोर बायको.

"आता विटा खायला लागलात?"

"सांधे तपासतोय."

तिनं त्याची हनुवटी धरून तोंड स्वतःकडे वळवलं आणि ओठ दिसतील असं सावकाश म्हणाली, "दोन वर्षं झाली. किटली बोंबलते आणि तुम्ही शेजारी पेपर वाचत बसता. मला काय दिसत नाही?"

तिनं त्याच्या हातातली हातोडी काढून घेतली. "बोला. कसा वाजला म्हणजे बरा, आणि कसा म्हणजे वाईट?"

त्यानं सांगितलं. पितळी भांड्यासारखा तो बरा, लाकडी खोक्यासारखा तो वाईट. एवढं म्हातारपणी शिकवावं लागेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं. तिनं पदर खोचला आणि डोकं आत घातलं. तो बाहेरून तिच्या हालचाली बघत राहिला. ती ठोकत ठोकत उजवीकडे सरकली आणि थांबली. पुन्हा तिथंच ठोकलं. बाहेर आली तेव्हा तिनं तीन बोटं वर केली.

"ओळीनं?" त्यानं विचारलं.

"ओळीनं. खोकंच."

तीन लगतच्या विटा काढायच्या तर अर्धा घुमट उतरवावा लागणार होता. वरून गिलावा होऊन चुन्याचा हातही फिरला होता. स्वयंपाकघरात मुलीनं मैद्याचं पीठ आंबायला ठेवलं होतं, ओल्या फडक्याखाली टरारून वर आलेलं.

"तिला सांगा," बायको म्हणाली.

"उद्या जाळ लहान ठेवायला लावतो."

"तुम्हाला ऐकू येत नाही, हे सांगा."

"उद्याचा दिवस जाऊ दे. सोमवारी मी स्वतः उतरवतो."

तिनं हातोडी त्याच्या हातात परत दिली. दिली कसली, आपटलीच. रात्री ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही, आणि ते त्याला ऐकू न येता कळलं.

रविवारी जाळ लहान राहिलाच नाही. जावई चार माणसांसमोर लाकडं आत ढकलत होता. "बाबा म्हणतात हळू, पण बाबा मोटारीतपण हळूच म्हणतात!" माणसं हसत होती. ज्वाळा पाठीमागच्या भिंतीवरून चढून घुमटाला चाटत तोंडापर्यंत येत होत्या. माथ्यावरची काजळी जळून विटा पांढऱ्या दिसायला लागल्या. भट्टी खरी तापल्याची ती खूण, आणि तेवढं जावयाला व्हिडिओतून ठाऊक होतं. त्यानं टाळी वाजवली. मग सगळ्यांनी वाजवली. ठोक्याला नुसते हलणारे हात दिसले.

मुलगी आली. केस फडक्यात बांधलेले, हातात लांब दांड्याची फळी, फळीवर पहिला पिझ्झा. ती भट्टीच्या तोंडासमोर उभी राहिली आणि आत बघायला वाकली.

ठोक्याचा तळहात घुमटाच्या उजव्या अंगावर होता. बाकी गिलावा कोमट होता, तिथं मात्र चटका बसत होता. आग आतल्या भेगेतून बाहेर यायला लागली होती. आणि तेवढ्यात तळहाताला एक टिचकी लागली, आतून, एकदाच. मग गप्प.

"मागे हो!"

मुलीनं वळून पाहिलं. "बाबा, छान तापलीय की."

"मागे हो म्हणतो ना!" त्यानं तिच्या दंडाला धरून ओढलं. फळी वाकडी झाली, पिझ्झा फरशीवर पालथा पडला. कुणीतरी हळहळलं असावं. जावई हसू आवरत पुढे आला. "बाबा, काय झालं? तुम्हीच तर सगळ्या ठोकून घेतल्या."

"मला ऐकू येत नाही!" ठोक्या ओरडला. आपला आवाज किती मोठा झालाय याचा त्याला अंदाज नव्हता. "एकही वीट ऐकून लावलेली नाही! लांब व्हा सगळे, कुंपणाला टेका!"

अंगणातली पंचवीस माणसं गुमान कुंपणाकडे सरकली. हातात रिकाम्या कागदी बशा. जावयाच्या तोंडावरचं हसू तसंच राहून गेलं होतं, काढायचं कसं हे त्याला कळत नव्हतं. भट्टी मधोमध एकटी धगधगत राहिली, सुंदर दिसत होती.

ठोक्यानं भट्टीकडे पाहिलं नाही. त्याचा उपयोग नव्हता. तो भट्टीकडे पाठ करून बायकोच्या तोंडाकडे बघत राहिला. ती त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत होती. बराच वेळ काही झालं नाही. कुणीतरी कुजबुजलं, कुणीतरी घड्याळात पाहिलं. जावयानं एक पाऊल पुढे टाकलं. मुलीनं त्याच्या सदऱ्याला धरलं.

बायकोच्या पापण्या एकदा मिटल्या. मग सगळ्यांचे खांदे एकदम दचकले.

तो वळला तेव्हा भट्टीच्या तोंडातून राख आणि ठिणग्या बाहेर पसरत होत्या. उजव्या बाजूला घुमट खचला होता. विटेचे लालबुंद तुकडे फरशीभर विखुरले होते, आणि त्यातला मुठीएवढा एक, पालथ्या पिझ्झावर पडून, त्याला वरून खालपर्यंत जाळत होता.

मुलगी त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. ती रडत नव्हती. त्याला ओठ दिसावेत म्हणून तिनं चेहरा वर केला आणि सावकाश विचारलं, "कधीपासून?"

"विटा निवडायला बसलो, त्याच्या आधीपासून."

तिनं मान हलवली. मग फरशीवरच्या त्या तुकड्याकडे पाहिलं, आणि स्वतःच्या पायांकडे.