कातडीनं श्वास घेणारी पाहुणी

सौदी अरेबियात अल-खोबरला आमच्या शेजारी एक अमेरिकन बाई राहायच्या, शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या. आखाती युद्ध सुरू होणार असं दिसू लागलं तेव्हा त्या मायदेशी निघाल्या आणि जाताना काचेची एक पेटी माझ्या हातात ठेवून गेल्या. आत ओलं शेवाळ, झाडाची साल आणि सालीखाली बोटाएवढी सॅलॅमँडर. दिसायला पालीसारखी, पण जात बेडकाची. त्यांच्या गावच्या जंगलातली.

"हिला फुप्फुसं नसतात," त्या म्हणाल्या. "कातडीनं श्वास घेते. कातडी सुकली तर संपलं. नळाचं पाणी मात्र नको, बाटलीतलंच शिंपडा."

दिवसभर ती सालीखाली दडून असायची. अंधार पडला की बाहेर यायची आणि चिलटासमोर इतकी स्तब्ध राहायची की मेलीय की काय असं वाटावं. मग जीभ लपकन बाहेर. चिलटांसाठी मी केळी पिकवून काळी करत असे. एकदा तिनं अंगावरची कात ओढून काढली आणि चक्क खाऊन टाकली. शाळा बंद असल्यामुळे आमची सात वर्षांची लेक तासन्‌तास पेटीपुढे बसून असे.

पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या आम्ही मोजून वापरत होतो. ह्यांनी मला शिंपडताना पाहिलं.

"माणसांना पुरेल की नाही ठाऊक नाही, आणि तू पालीला पाणी घालतेस?"

"माझ्या वाटणीचं घालते," मी म्हटलं. दोन दिवस आमचं बोलणं बंद होतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सायरन वाजला. विषारी वायूच्या भीतीनं खिडक्यांना प्लॅस्टिक चिकटवलेल्या खोलीत आम्ही शिरलो. लेक रडायला लागली, "ती बाहेरच राहिली!" मी उठणार तोच हे धावत गेले आणि पेटी घेऊन आले. दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबला, त्यांच्या कंपनीनं दिलेले मास्क आम्हाला बांधले आणि पेटीकडे बघत राहिले.

"ही कातडीनं श्वास घेते म्हणालीस ना? मग हिला मास्क लावायचा कुठं?"

त्यांनी दुसरा टॉवेल बाटलीतल्या पाण्यानं भिजवला आणि पेटीवर नीट पांघरला.

युद्ध संपलं आणि बाई उन्हाळ्याच्या तोंडावर परतल्या. त्यांनी साल उचलली, खाली ती होती. थोडी जाडच झाली होती.

"हिला काय खायला घातलंत?" त्यांनी विचारलं.

हे म्हणाले, "आमच्या घरातली सगळी केळी."